बिरू खरातच्या कागदावरचा माझा शेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी शेजारणीच्या सुनेचं भांडणसुद्धा सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तोंड उघडलं नसतं. आणि खरं सांगू? मी तुमच्या जागी असते तर या बाईवर लगेच विश्वास ठेवला नसता. ही आत्ताच का बोलतेय? हिला काय हवंय? असं पहिल्यांदा मनात आलं असतं. तुमच्याही येऊ द्या, माझी हरकत नाही.

माझं कामच तसलं आहे. सांगलीतल्या एका ऑफिसात मी कागद तपासते. परदेशातल्या हॉटेलांना ठरावीक मुदतीच्या करारावर माणसं लागतात — आचारी, वेटर, खोल्या आवरणारे. आमचं ऑफिस इकडची माणसं तिकडे पाठवतं. माणसाची निवड होते ती अनुभवाच्या पत्रावर. अमक्याने माझ्या हॉटेलात इतकी वर्षं हे हे काम केलं, असं मालकाने लिहून दिलेलं पत्र. ते पत्र खरं की बनावट हे मी बघायचं. हॉटेलला फोन करायचा, मेल पाठवायचा, शिक्का बघायचा, सही बघायची, हजेरीच्या नकला लावून बघायच्या, आणि शेवटी फॉर्मवरच्या एका चौकोनात शेरा मारायचा. 'खात्री झाली' किंवा 'संशयास्पद'. खाली माझी सही.

संशय घ्यायला मला नोकरीने शिकवलं, असं लिहिणार होते. पण ते काही खरं नाही. मी पहिल्यापासूनच अशी. भाजीवालीने तोलून दिलेले बटाटे घरी आणून पुन्हा तोलणारी. नवरा म्हणतो, हिला देवाने प्रत्यक्ष प्रसाद दिला तरी ही विचारेल, आजचाच आहे ना? घरात या स्वभावाची थट्टा व्हायची. ऑफिसात मात्र त्याचं कौतुक झालं, आणि ते मला फार गोड लागलं.

बनावट पत्रं येत नव्हती असंही नाही, ढिगाने येत. चार गावांतल्या चार हॉटेलांची पत्रं, आणि चारही सह्या एकाच हाताच्या. ज्या हॉटेलचा पत्ता दिलाय तिथे जाऊन बघावं तर टायरचं दुकान. मी धडाधड पकडायचे. एकदा मात्र फसले. मी खात्री झाली म्हणून पाठवलेला आचारी आखातातल्या एका हॉटेलात गेला आणि त्याला साधी कणीक मळता येईना. आठवड्यात परत आला. साहेबांनी — म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकांनी — सगळ्यांसमोर मला झापलं. त्यानंतर माझ्या टेबलावरून 'खात्री झाली' हे शब्द फार जपून जाऊ लागले. ही सबब नव्हे. कशामागून काय झालं ते कळावं म्हणून सांगितलं.

आणि मग बिरू खरात आला.

तीन वर्षं झाली, जुलैचे दिवस होते. आटपाडीकडचा माणूस. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. मेंढरं भाऊ बघतो आणि हा महाबळेश्वरला एका लहान हॉटेलात आचारी. कागद त्याने दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून आणले होते. युरोपातल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात जागा होती. दोन सीझनचा करार. वयाची अट पस्तिशीच्या आतली, आणि दिवाळीत त्याला पस्तिसावं पुरं होत होतं. म्हणजे ही एकच संधी होती, पुढच्या खेपेला त्याचा अर्ज कुणी घेणार नव्हतं. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. जन्मतारखेच्या दाखल्यावर मीच पेन्सिलीने खूण केली होती.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. कागद पुढे सरकवताना त्याची बाही वर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत हातावर एकही केस नव्हता, आणि कातडीवर जुन्या भाजल्याचे डाग होते. तंदूरमध्ये रोज हात घालणाऱ्याचा हात तसा होतो. तो कुणाला बनवून आणता येत नाही. मी तो हात नीट बघितला — आणि मान खाली घालून कागद बघायला लागले.

कागद वाईट होता. लेटरहेड जुनं, कडा दमट होऊन वाकड्या झालेल्या. टाइप केलेलं नाही, हाताने लिहिलेलं. शाई दोन ठिकाणी पसरलेली. शिक्का अर्धवट उठलेला. फोन नंबर जुना, तारेच्या लँडलाइनचा. आणि मजकुरात वर्षांचा आकडाच नव्हता. लिहिलं होतं, बिरू खरात आमच्याकडे अकरा सीझन काम करतो. हजेरीच्या नकला बघितल्या तर दर वर्षी चार महिने कोरे. आमच्या फॉर्मात रकाना होता — सलग अनुभव किती वर्षे?

मी नंबर लावला. फोन मेलेला. मेल टाकला. दोन दिवस उत्तर नाही. साहेब विचारायला लागले. मी शेरा मारला: हॉटेल बंद आहे, फोन लागत नाही, अनुभव सलग नाही, पत्र संशयास्पद.

आता ऐका. माझं माहेर मेढ्याजवळचं. वर महाबळेश्वरला पाऊस लागला की लहान हॉटेलांच्या भिंतींना गवत आणि प्लॅस्टिक बांधून कुलूप घालतात, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? आमच्या गावातले निम्मे बाप्ये वर कामाला. जून लागला की वळकट्या घेऊन खाली यायचे, भातलावणी करायचे, आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा घाट चढायचे. माझा थोरला काका तसाच जायचा. त्याला कुणी विचारलं, किती वर्षं झाली रे तुला? तर तो म्हणायचा, नऊ सीझन. हॉटेलातली माणसं वर्षं मोजतच नाहीत. पावसात वरच्या विजेच्या आणि फोनच्या तारा पडतात, कपाटातले कपडे ओले होतात, कागद तर होणारच. यातलं एकेक मला ठाऊक होतं. माझ्या जागी पुण्या-मुंबईची कुणी असती तर तिला कळलं नसतं. मला न कळण्याचा प्रश्नच नव्हता.

मग तसं का लिहिलं? मला हे कोडं पडलं होतं असं मी ही तीन वर्षं स्वतःला सांगत आले. कोडं वगैरे काही नव्हतं. 'खात्री झाली' लिहिलं आणि पुढे काही निघालं तर बोल मला लागणार. 'संशयास्पद' लिहिलं तर मला कुणी काही विचारत नाही. संशयाचा जाब कुणी मागतच नाही, हे मी त्या नोकरीत नीट शिकले होते. शिवाय माझ्या शेऱ्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हॉटेल बंद होतं. फोन लागत नव्हता. बघा ना, किती व्यवस्थित.

त्याच दिवशी कोल्हापूरहून साहेबांकडे दोघे पाहुणे आले होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि ते पत्र त्यांच्यासमोर धरलं. म्हणाले, आमच्या बाईंनी नुसतं हातात घेऊन सांगितलं, खोटं आहे म्हणून. मी तसं काही म्हणाले नव्हते. पण मी तशी उभी राहिले, जणू म्हणाले होते. पाहुणे माझ्याकडे बघून हसले. मला चहा दिला.

चार दिवसांनी मोबाईलवर फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडे म्हातारा आवाज — बिरूच्या हॉटेलचे शेठ. पावसाळ्यात ते खाली वाईला मुलीकडे राहत होते. माझा मेल त्यांच्या मॅनेजरने गावाकडे उशिरा पाहिला आणि त्यांना कळवलं. ते म्हणाले, "बाई, पत्र मीच हातानं लिहिलंय. मॅनेजर सुट्टीवर, टायपिंगवाला कुठनं आणू? बिरू माझ्याकडं अकरा सीझन हाय. भटारखान्याच्या किल्ल्या त्याच्याकडंच असतात. काय कमी असंल तर सांगा, मी यष्टीनं सांगलीला येतो."

मी म्हणाले, नको, एवढं पुरे.

अशा वेळेसाठी आमच्याकडे एक चिठ्ठी असते, पुनर्पडताळणीची. शेरा बदलायचा असेल तर ती भरून साहेबांच्या सहीने मुंबईला, परदेशी हॉटेलांच्या एजंटाकडे पाठवायची. तिकडची यादी पक्की व्हायला अजून आठ दिवस होते. मी चिठ्ठी काढली. बिरूचं नाव लिहिलं, फॉर्मचा नंबर लिहिला. मग साहेबांकडे जावं लागेल हे मनात आलं. त्या पाहुण्यांसमोरचं सगळं आठवलं. साहेब म्हणतील, म्हणजे तुम्ही चुकलात? एवढंच म्हणाले असते हो. फार तर आणखी एखादा टोमणा मारला असता. मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. उद्या करू. दुसऱ्या दिवशीही ड्रॉवर उघडला आणि स्टेपलर काढून बंद केला. आठ दिवस गेले.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. भित्री बाई, चूक सुधारली नाही. इथवर मी मनातल्या मनात पुष्कळदा कबूल केलंय, अगदी देवासमोर हात जोडूनसुद्धा. हे कबूल करणं सोपं आहे, कारण याच्या पुढचं झाकायला ते बरं पडतं. मला माझ्याच कबुलीचा संशय येतो तो यामुळे.

यादीत नाव नाही म्हटल्यावर बिरू आला. साहेब बाहेरगावी होते. तो माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकला. आवाज चढला नाही, काही नाही. म्हणाला, "म्याडम, कुठं चुकलं तेवढं सांगा. राग न्हाई माजा. आमी अडानी मान्सं, कागदात कायतरी ऱ्हायलं आसंल."

आता सांगण्यासारखं बरंच होतं. नियम आडवा आला, रकाना सलग वर्षांचा आहे, वरून नाकारलं — काहीही चाललं असतं. अर्धवट खरंही चाललं असतं. पण त्याचा तो शांतपणा मला सहन होईना. मला वाटलं, याला माहीत आहे. शेठनी याला सांगितलंय की त्यांनी मला फोन केला, आणि हा आता माझ्याच तोंडून वदवून घ्यायला आलाय. चोराच्या मनात दुसरं काय येणार? तो भोळेपणाने विचारत होता आणि मी त्याच्याकडे असं बघत होते जणू तोच बनाव करतोय.

मी म्हणाले, तुमच्या हॉटेलकडून दुजोरा मिळाला नाही.

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "म्हंजे, आमच्या शेठनी? न्हाई वं. शेठ माज्या लग्नात सवता अक्षता टाकाय आल्ते. बा गेला तवा पावसाचं जीप घिऊन आटपाडीला आल्ते. ते न्हाई तसं करायचं."

तिथे थांबायची संधी होती. थोडा शोध घेते, असं म्हणता आलं असतं. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. मी समोरचे कागद सारखे करत म्हणाले, "हातातला चांगला आचारी सीझनच्या तोंडावर कोण सोडतं हो?"

बस, एवढंच म्हणाले मी. शेठ असं म्हणाले, तसं म्हणाले, काही नाही. पुढचं त्याने स्वतःच जुळवलं. मी समोर बसून ते जुळताना बघितलं. आधी त्याने मान हलवली, नाही नाही म्हणून. मग खिडकीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "व्हय. पत्र देताना शेठ म्हनालं व्हतं, तू गेल्यावर माजं कसं हुयाचं रं गड्या. मला वाटलं थट्टा करत्यात."

मी त्याचे कागद पुठ्ठ्यांत घालून पुढे सरकवले. आणि तो उठल्यावर — हे सांगायचं म्हणून मी इतका फेरा मारलाय — तो दाराशी पोचला तेव्हा मी त्याला मागून हाक मारली. म्हणाले, त्यांना विचारायला जाऊ नका. विचारलंत तरी ते थोडेच कबूल होणार? उगाच तुमचाच अपमान.

हे मी का म्हणाले ते तुम्हाला कळलंच असेल. त्याने शेठना एक फोन केला असता तर सगळं उघडं पडलं असतं. तो फोन होऊ नये याची मी सोय केली. मानी माणूस आहे हे एव्हाना ओळखलं होतं. माणसं ओळखण्याचाच तर पगार घेते मी.

तो म्हणाला, बरं झालं तुमी सांगितलं. आणि हात जोडून गेला.

दिवाळीच्या आधी शेठचा फोन आला. हॉटेल उघडलं होतं. बिरू आला नाही आणि फोनही उचलत नाही, म्हणजे परदेशी गेला असणार, असं ते धरून चालले होते. खूश होते. "पोचला का नीट आमचा बिरू?" त्यांनी विचारलं. "तिकडचा नंबर असंल तर द्या. दिवाळीचं बोलीन म्हटलं दोन शब्द."

तुम्ही काय केलं असतंत? मी म्हणाले, पोचला. नंबर द्यायला नियम आडवा येतो.

"ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले. "कामाच्या गडबडीत आसंल. मला कळवायचं ऱ्हायलं त्याचं." आणि माझे आभार मानून फोन ठेवला. एकाने हात जोडले, दुसऱ्याने आभार मानले. दोघांनाही माझ्याबद्दल शंका आली नाही, आणि मी मात्र त्यानंतर महिनाभर प्रत्येक अनोळखी नंबरला घाबरत होते.

नंतर एक दिवस मी त्या परदेशी हॉटेलचा करार पुन्हा काढून वाचला. तेही वर्षाचे चार-पाच महिने बंद असतं, थंडीत. त्यांना सीझनवर काम करणाराच माणूस हवा होता. ते करारात पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. माझ्या शेऱ्यातल्या त्या 'सलग'ला तिकडे कुणी विचारलंही नसतं, 'संशयास्पद' एवढाच शब्द त्यांनी वाचला. करार मी फायलीत परत ठेवला.

मुळात बिरूला मी परत कधी भेटणार नाही असं धरून चालले होते. आमच्या कामात माणसं येतात, जातात. गेल्या महिन्यात कुंडलला नवऱ्याच्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. दुपारची पंगत, टेबल-खुर्च्यांची. मी जेवायला बसले आणि वाढणारी एक बाई भाताचं ताट घेऊन आली. तिच्यामागे आमटीची बादली घेऊन एक जण. त्याचा हात पुढे आला तसा मी ओळखला. मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नसलेला.

त्यानेही मला ओळखलं. मला वाटलं, आता कळलं असेल याला, आता इथे पंगतीत बोलेल. मी पदर सावरला, उठून जायची तयारी केली. पण तो हसला. लग्नाच्या जेवणाचे ठेके घेणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली काम करतो म्हणाला. वर परत गेला नाही. शेठनी दुसऱ्या वर्षी एकदा गावात निरोप धाडला होता, मुलं-बाळं बरी आहेत का, घरी काही अडचण नाही ना म्हणून. त्याने निरोप आणणाऱ्याला दारातूनच परत लावलं. त्यांचं नाव घेताना त्याचा चेहरा बदलला. एरवी तो चांगला हसरा होता.

शेजारी भात वाढणाऱ्या बाईला तो म्हणाला, "वैनी, ह्या म्याडमला बगून वाड. समदी फसवत व्हती मला, ह्यांनी एकट्यांनी खरं काय ते सांगितलं. न्हाईतर मी आजून शेठचं पाय चेपत बसलो असतो."

त्या बाईने माझ्या पानात भाताची दुसरी मूद घातली. माझ्या एका बाजूला नवरा बसला होता. त्याने कौतुकाने माझ्याकडे बघितलं. बिरू बादली घेऊन तसाच उभा होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. हातात चांगला वेळ होता. पंगत मोठी होती, कुणाला घाई नव्हती. शेठचा नंबर माझ्या पर्समधल्या मोबाईलमध्ये होता, आणि शेठ जिवंत आहेत हे मला माहीत होतं.

मी बिरूला म्हणाले, आमटी छान झालीय. त्याने आणखी एक पळी वाढली. मी ती सगळी संपवली.